युद्धावरच्या मालिकांमधल्या चुका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सातारा जिल्ह्यातल्या फौजी घरात वाढले. आप्पा, म्हणजे माझे वडील, मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांच्याशेजारी बसून युद्धाची मालिका बघायची, तर पडद्यावरची छातीवरची फीत, खांद्यावरचे तारे, हातातली रायफल सगळं तपासलं जायचं. तीच सवय मला लागली. 'मॅश' (कोरियाच्या युद्धातल्या फिरत्या लष्करी शल्य रुग्णालयाची कथा) आणि 'बँड ऑफ ब्रदर्स' (दुसऱ्या महायुद्धातल्या एका तुकडीची कथा) या दोन अमेरिकी मालिका मी अनेकदा पाहिल्या आहेत आणि त्यांच्याबद्दल मला सतत विचारणा होते, म्हणून जास्त उत्तरं त्यांचीच आहेत. आपल्याकडच्या मालिकांबद्दलचे प्रश्न त्यानंतर घेतले आहेत.

कंटिन्युइटीची चूक आणि माहितीची चूक, यात फरक काय?

कंटिन्युइटीची चूक म्हणजे मालिकेनं स्वतःचंच सांगितलेलं विसरणं. एका शॉटमध्ये जखमीच्या डाव्या दंडाला पट्टी, पुढच्या शॉटमध्ये उजव्या. पहिल्या वर्षी नायकाला बहीण असते, पाचव्या वर्षी तो एकुलता एक होतो. माहितीची चूक म्हणजे पडद्याबाहेरच्या जगाशी न जुळणारी गोष्ट: जी रायफल तेव्हा बनलीच नव्हती ती हातात असणं, किंवा जो माणूस जिवंत होता त्याला मेलेला दाखवणं.

पहिल्या प्रकारच्या चुका मला खुपत नाहीत. दुसऱ्या प्रकारात मात्र जिथे खऱ्या माणसाचं नाव घेतलेलं असतं, तिथे मी हट्टानं खरंखोटं करते.

सेटवर इतकी माणसं असतात, तरी कंटिन्युइटी चुकते कशी?

कारण मालिका ज्या क्रमानं आपण बघतो त्या क्रमानं चित्रित होत नाही. एका तंबूतले सगळे प्रसंग एका दिवसात उरकले जातात, मग ते कथेत महिनाभराच्या अंतरानं का असेनात. एकाच प्रसंगाचे पाच-सहा रिटेक होतात आणि संकलनात दुसऱ्या टेकचा चेहरा पाचव्या टेकच्या हातांना जोडला जातो. हे सगळं जुळवायला एक माणूस वही घेऊन बसलेला असतो. हेल्मेटचा पट्टा बांधलेला होता की सुटा, कपात चहा किती होता, चिखल कुठल्या गुडघ्याला लागला होता, हे तो टिपतो. पूर्वी झटपट निघणारे फोटो काढून वहीत चिकटवत, आता मोबाइल असतो. युद्धाच्या प्रसंगात धूर, रक्त, माती यांची जागा क्षणाक्षणाला बदलते, म्हणून घरगुती मालिकेपेक्षा इथे हे काम कैक पटींनी अवघड.

वर्षानुवर्षं चालणाऱ्या मालिकेत आणखी एक अडचण येते. लेखक बदलतात. आधीच्या लेखकानं पात्राच्या आईबद्दल काय लिहिलं होतं, ते नव्याला माहीत नसतं. १९७० च्या दशकात तर भाग एकदा प्रसारित झाला की पुन्हा कधी दिसेल याचा भरवसा नव्हता, त्यामुळे प्रेक्षक मागं जाऊन ताडून बघेल अशी कुणाला शंकाही आली नाही.

कोरियाचं युद्ध तीन वर्षांचं, मग 'मॅश' अकरा वर्षं कशी चालली?

युद्ध २५ जून १९५० ला सुरू झालं आणि २७ जुलै १९५३ ला युद्धबंदी झाली. मालिका १७ सप्टेंबर १९७२ पासून २८ फेब्रुवारी १९८३ पर्यंत चालली. एकेक भाग काही दिवसांचाच धरला, तरी इतके नाताळ, इतके हिवाळे त्या तीन वर्षांत बसत नाहीत. शिवाय खऱ्या फिरत्या शल्य रुग्णालयांत सक्तीनं भरती झालेला डॉक्टर साधारण वर्षभरात घरी परतायचा. मालिकेचा नायक, सर्जन हॉकाय, मात्र सुरुवातीपासून अखेरपर्यंत तिथेच.

मी याला चूक म्हणत नाही. मालिका चालू ठेवायची तर काळ ताणावाच लागतो, आणि न संपणारं युद्ध हाच तिचा विषय होता. एक गोष्ट तर त्यांनी बरोबर दाखवली: छावणी बहुतेक वेळ एकाच जागी असते. युद्धाच्या पहिल्या वर्षी अशी रुग्णालयं सतत हलत होती, पण १९५१ च्या मध्यानंतर आघाडी ३८व्या अक्षांशाच्या आसपास स्थिरावली आणि रुग्णालयंही स्थिरावली.

कर्नल पॉटर नक्की कधी रुजू झाले?

मालिकेतली सर्वांत ठळक कंटिन्युइटीची चूक हीच. मालिकेच्या चौथ्या वर्षी कर्नल पॉटर छावणीचा ताबा घेतात तेव्हा तारीख स्पष्ट ऐकू येते: १९ सप्टेंबर १९५२. नवव्या वर्षीचा 'अ वॉर फॉर ऑल सीझन्स' हा भाग १९५० च्या अखेरच्या रात्री सुरू होऊन १९५१ च्या अखेरच्या रात्री संपतो. त्या पहिल्याच रात्री पॉटर सगळ्यांसोबत नवं वर्ष साजरं करताना दिसतात, म्हणजे स्वतः रुजू होण्याच्या जवळजवळ दोन वर्षं आधी! सर्जन विंचेस्टरही तिथे आहेत, जे पॉटरांच्याही नंतर आले. हे जुळवायला चाहत्यांनी नाना वेळापत्रकं मांडली, पण दोन्ही भाग खरे धरून एकही वेळापत्रक बसत नाही. तरीही तो भाग माझ्या सगळ्यात आवडत्या भागांपैकी आहे.

हॉकायची आई जिवंत होती की नव्हती?

सुरुवातीच्या भागांत तो वडिलांना पत्र लिहितो त्यात आईचा आणि बहिणीचा उल्लेख येतो. घर व्हरमाँटमध्ये असल्याचाही येतो. पुढे तो एकुलता एक होतो, आई त्याच्या लहानपणीच वारलेली असते, आणि घर मेन राज्यातल्या क्रॅबअ‍ॅपल कोव्हला. पुढचं रूपच मालिकेनं कायम ठेवलं. पॉटरांच्या आधीचा छावणीप्रमुख हेन्री ब्लेक, त्याच्या बायकोचंही तसंच: आधी मिल्ड्रेड, नंतर लोरेन. मिल्ड्रेड हे नाव मग पॉटरांच्या बायकोला मिळालं.

कोरियाच्या छावणीत अ‍ॅव्हेंजर्सचं कॉमिक कसं?

रडार या टोपणनावाच्या छावणीतल्या कारकुनाच्या हातात ते दिसतं, आणि अ‍ॅव्हेंजर्सचा पहिला अंक निघाला १९६३ मध्ये. पुरुषांचे केस आणि नर्सेसच्या केशरचनाही १९७० च्या दशकातल्या आहेत. मागचे डोंगर कॅलिफोर्नियातल्या मालिबू क्रीक परिसरातले. १९८२ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे वणवा पेटून सेट जळाला, तेव्हा तो वणवाच शेवटच्या भागाच्या कथेत घेतला. म्हणजे जळलेली छावणी ही चूक नाही.

पहिल्या वर्षातला कृष्णवर्णीय सर्जन एकाएकी कुठे गेला?

हा प्रश्न कमी लोक विचारतात, पण सगळ्यांनी विचारावा असा आहे. पहिल्या वर्षीच्या काही भागांत हॉकायच्या तंबूत कॅप्टन जोन्स नावाचा एक कृष्णवर्णीय सर्जन राहतो. टिमोथी ब्राउन यांनी ही भूमिका केली होती. मग तो दिसेनासाच होतो. बदली नाही, निरोप नाही. कारण असं सांगितलं गेलं की कोरियातल्या अशा रुग्णालयांत कृष्णवर्णीय सर्जन नव्हतेच, म्हणून पात्र काढून टाकलं. म्हणजे निर्मात्यांच्या मते त्यांनी माहितीची चूक दुरुस्त केली होती.

पण चूक त्या दुरुस्तीतच होती. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यातला वर्णभेद बंद करण्याचा आदेश २६ जुलै १९४८ ला काढला होता, आणि कोरियाच्या युद्धातच तो खऱ्या अर्थानं अमलात आला. कृष्णवर्णीय डॉक्टर तिथे होते. नॉर्थ कॅरोलिनाचे डॉ. ॲल्विन ब्लाउंट ८२२५व्या फिरत्या शल्य रुग्णालयात सर्जन होते. हेच ब्लाउंट घरी परतल्यावर ग्रीन्सबोरोमधल्या रुग्णालयांनी कृष्णवर्णीयांना दारं बंद ठेवली म्हणून कोर्टात गेलेल्या डॉक्टरांपैकी एक होते, आणि १९६३ मध्ये तो खटला त्यांनी जिंकला.

हाताशी असलेल्या नोंदींत एखादी गोष्ट सापडली नाही म्हणून ती घडलीच नाही, असं धरून चाललं की काय होतं, ते इथे दिसतं. कॉमिकच्या अंकानं कुणाचं काही बिघडलं नाही. इथे कोट्यवधी घरांत पोचणाऱ्या मालिकेतून माणसांचा एक अख्खा गट पुसला गेला.

'बँड ऑफ ब्रदर्स' तर खऱ्या सैनिकांवर आहे. तिच्यातही चुका आहेत?

आहेत. २००१ मधली ही दहा भागांची मालिका दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनच्या 'ईझी कंपनी' या तुकडीवर आहे. हॉलंड, बेल्जियम, जर्मनी असं वाटणारं बरंचसं चित्रीकरण इंग्लंडमधल्या हॅटफिल्डच्या जुन्या विमानतळावर झालं आहे आणि एकाच गावाची घरं पालटून दुसरं गाव उभं केलं आहे, हे कळूनही ते खोटं वाटत नाही, इतकं काम नेटकं आहे.

तारखेची चूक नवव्या भागात आहे. पडद्यावर ११ एप्रिल १९४५ अशी तारीख येते आणि त्याच भागाच्या अखेरीस हिटलरनं आत्महत्या केल्याची बातमी येते. हिटलर मेला ३० एप्रिलला. त्याच भागात दाखवलेली लँड्सबर्गजवळची छळछावणीसुद्धा २७ एप्रिलला अमेरिकी सैन्याच्या हाती आली, आणि तिथे आधी पोचली ती १२वी आर्मर्ड डिव्हिजन. ईझी कंपनीनंच छावणी शोधली असं चित्र मालिका उभं करते. नाट्य एका तुकडीभोवती ठेवायचं म्हणून ते केलं असणार, हे समजतं. तारखेला मात्र तेही कारण नाही.

अल्बर्ट ब्लाइद यांच्याबद्दलची चूक काय आहे?

'बँड ऑफ ब्रदर्स'चा तिसरा भाग बघितलेल्यांना ईझी कंपनीतले ब्लाइद विसरता येत नाहीत. नॉर्मंडीतल्या कारेंतानच्या लढाईत भीतीनं काही काळ दृष्टी गेलेला, मग हळूहळू सावरणारा कोवळा पोरगा. शेवटी एका शेतघराकडे टेहळणीला जाताना त्याच्या मानेत गोळी घुसते. मग काळ्या पडद्यावर ओळ येते: ते जखमांतून कधीच बरे झाले नाहीत, १९४८ मध्ये वारले.

मी पहिल्यांदा हा भाग बघितला तेव्हा रडले होते. आप्पाही त्या रात्री जेवताना गप्प होते.

खरी हकिकत अशी: ब्लाइद यांना गोळी लागली ती खांद्याला. ते बरे झाले. त्यांनी सैन्य सोडलं नाही. ते कोरियाच्या युद्धातही गेले, म्हणजे ज्या युद्धावर 'मॅश' बेतलेली आहे त्याच युद्धात. मास्टर सार्जंट झाले, लग्न झालं, मुलंबाळं झाली. डिसेंबर १९६७ मध्ये जर्मनीत, सेवेत असतानाच आजारानं ते गेले आणि आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांना पुरलं. मालिकेनं त्यांच्या आयुष्यातली १९ वर्षं खोडून टाकली.

ही चूक खोडसाळपणे झालेली नाही. जुन्या सोबत्यांचा ब्लाइद यांच्याशी संपर्क तुटला होता, आणि ते गेले अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. पण आर्लिंग्टनच्या थडग्यावर तारीख कोरलेली आहे. सैन्याच्या नोंदी आहेत. ज्याचं नाव घेऊन, ज्याच्या भीतीचं दर्शन साऱ्या जगाला घडवलं, त्याच्या मरणाची तारीख पडद्यावर लिहिण्याआधी एकदा तपासायला हवी होती. ही अपेक्षा मला मुळीच जास्त वाटत नाही.

लीबगॉट खरंच ज्यू होते का?

नाही. ईझी कंपनीतले हे सैनिक ऑस्ट्रियन वंशाचे कॅथलिक होते. सोबत्यांपैकी काहींचा तसा समज होता, तोच मालिकेत आला.

आपल्या मालिकांमध्ये सॅल्यूट इतका का चुकतो?

कारण अभिनेता दुसऱ्या अभिनेत्याकडे बघून शिकतो. भूदलाच्या सॅल्यूटमध्ये पंजा उघडा आणि तळहात समोर. नौदलात तळहात जमिनीकडे वळलेला. हवाई दलानं २००६ मध्ये आपला सॅल्यूट बदलला, तेव्हापासून तळहात साधारण ४५ अंशांत असतो. म्हणजे आजच्या काळातल्या कथेत वैमानिकानं भूदलासारखा सॅल्यूट मारला तर चूक, पण १९७१ च्या कथेत मारला तर बरोबर.

याहून मोठी चूक म्हणजे उघड्या डोक्यानं सॅल्यूट. आपल्या सैन्यात डोक्यावर टोपी, बेरे किंवा पगडी नसेल तर सॅल्यूट करत नाहीत, सावधान उभं राहून 'जय हिंद' म्हणतात. पडद्यावर बोडक्या डोक्याच्या कॅप्टननं ताडकन हात उचलला की आप्पांचा उजवा हात आपोआप स्वतःच्या डोक्याकडे जायचा, टोपी चाचपल्यासारखा. निवृत्तीला वीस वर्षं होऊन गेल्यावरही.

खांद्यावरच्या खुणा कशा ओळखायच्या?

लेफ्टनंट दोन तारे, कॅप्टन तीन. मेजरला नुसता अशोकस्तंभाचा सिंह, लेफ्टनंट कर्नलला सिंह आणि एक तारा, कर्नलला सिंह आणि दोन, ब्रिगेडियरला सिंह आणि तीन. कर्नल आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांच्या कॉलरवर लाल पट्ट्या असतात. १९५० च्या आधीच्या कथेत सिंहाच्या जागी राजमुकुट हवा.

सगळ्यात जास्त घोळ सुभेदाराचा होतो. सुभेदारालाही दोन तारे, पण सोबत आडवी रंगीत पट्टी. वेशभूषा करणारा ती पट्टी विसरला की पन्नाशीला टेकलेला, पांढऱ्या मिशांचा सुभेदार एकदम लेफ्टनंट होतो. आणि संवाद लिहिणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: तरणाताठा कॅप्टनसुद्धा सुभेदाराला 'साहब' म्हणतो. 'ए सुभेदार, इकडे ये' असं कुठल्याही पलटणीत ऐकू येणार नाही.

कुठल्या युद्धात कुठली रायफल?

१९६२ मध्ये आपल्या पायदळाकडे प्रामुख्यानं .३०३ ली-एन्फिल्ड, प्रत्येक गोळीनंतर बोल्ट ओढायला लागणारी. १९७१ मध्ये ७.६२ ची एसएलआर, पुढची गोळी आपोआप भरणारी. इन्सास ही भारतीय बनावटीची रायफल आली १९९० च्या दशकात आणि कारगिलला, १९९९ मध्ये, ती होती. १९७१ च्या कथेत इन्सास दिसली तर ती सरळ चूक. ठिपक्या-चौकटींचा नवा लढाऊ गणवेश १५ जानेवारी २०२२ च्या सेनादिनी पहिल्यांदा दिसला, त्यामुळे कारगिलच्या कथेत तो चालणार नाही.

गोळ्या कधी संपतच का नाहीत? आणि 'ओव्हर अँड आउट'?

एके-४७ च्या मॅगझिनमध्ये ३० गोळ्या असतात आणि ती मिनिटाला सुमारे ६०० च्या गतीनं झाडते. ट्रिगर दाबून धरला तर तीन सेकंदांत मॅगझिन रिकामं. पडद्यावर तेवढ्या वेळात नायकाचं वाक्यही संपत नाही. वायरलेसवर 'ओव्हर' म्हणजे माझं झालं, आता तू बोल. 'आउट' म्हणजे संभाषण संपलं. दोन्ही एकदम म्हणायला अर्थ नाही.

कायद्याच्या अडचणीमुळे गणवेश मुद्दाम चुकीचे ठेवतात, हे खरं का?

ही समजूत फार पसरली आहे. आपल्याकडे पूर्वी भारतीय दंडसंहितेचं कलम १४० होतं, आता भारतीय न्याय संहितेचं १६८. लोकांनी आपल्याला सैनिक समजावं या हेतूनं गणवेश घालणं हा त्यातला गुन्हा आहे. कॅमेऱ्यापुढे भूमिका करणाऱ्याचा तो हेतू नसतो. अमेरिकेत तर नटाला गणवेश घालायची परवानगी कायद्यातच आहे. सैन्याची बदनामी होत नसेल तरच, अशी अट तिला जोडलेली होती, पण तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९७० मध्ये तीही रद्द केली. आपल्या संरक्षण मंत्रालयानं जुलै २०२० मध्ये सैन्यावरच्या चित्रपट आणि वेब मालिकांसाठी आधी ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावं असं कळवलं होतं, पण त्याचा रोख सैन्याचं चित्रण चुकीचं होऊ नये याकडेच होता. तारा चुकीच्या जागी लागतो तो बहुतेकदा निष्काळजीपणानं.

चूक वाटते पण खरी आहे, असं काही?

कोरियाच्याच युद्धातलं सांगते. आपली ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स नोव्हेंबर १९५० मध्ये तिथे पोचली, लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखाली. थोड्याच दिवसांत चिनी फौजांच्या रेट्यामुळे प्याँगयाँग सोडायची वेळ आली. वाहनं पुरेशी नव्हती, आणि औषधं-उपकरणं टाकून जायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी एक सोडून दिलेलं वाफेचं इंजिन हुडकलं, आपल्यातल्याच जवानांनी ते पेटवलं, डब्यांत सगळं सामान भरलं आणि पूल उडवला जायच्या थोडं आधी नदीपार नेलं. मार्च १९५१ मध्ये याच तुकडीची माणसं अमेरिकी छत्रीधारी सैनिकांबरोबर मुनसान-नीला विमानांतून छत्रीनं उतरली आणि तिथे जखमींवर शस्त्रक्रिया केल्या. रंगराज यांना महावीर चक्र मिळालं. इंजिनाचा प्रसंग मालिकेत घातला तर प्रेक्षक 'अतीच दाखवलंय' म्हणतील, म्हणून तो चुकांच्या यादीत येण्याआधीच इथे नोंदवून ठेवते.

चूक सापडली असं वाटलं, तर आधी काय करावं?

प्रसंगाचं साल नक्की करा. मग त्याच सालचे फोटो बघा, नंतर काढलेले नकोत. पलटणींचे छापील इतिहास असतात, ते वाचा. आणि घरात, गल्लीत कुणी त्या काळात सैन्यात असेल तर जाऊन विचारा.

मला एकदा १९६२ वरच्या मालिकेत जवान प्रत्येक गोळीनंतर बोल्ट ओढताना दिसले. या पोलिस चौकीतल्या जुनाट बंदुका सेटवर कुठून आणल्या, असं मी म्हणाले. आप्पा खुर्चीतून पुढे सरकले. 'अगं, तीच होती. पासष्टला मी भरती झालो तेव्हा आमच्या उस्तादांनी आम्हाला हातात हीच दिली होती.' आणि बसल्या जागी त्यांनी रिकाम्या हातांनी बोल्ट वर, मागं, पुढे, खाली करून दाखवला.